समजावून न सांगणारा शिक्षक : जोझेफ जाकोतो

परकी भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाकडून आपण दोन गोष्टींची अपेक्षा ठेवतो. शिकवायची भाषा त्याला उत्तम यावी, आणि ती समजावून सांगण्यापुरती तरी विद्यार्थ्यांची भाषा त्याला यावी. यांतील दुसरी गोष्ट मुळीच नसताना एका शिक्षकाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी परकी भाषा शिकवली. तिचे जे फळ त्यांच्या हाती आले, त्याने शिक्षणाविषयीच्या त्यांच्या साऱ्या समजुती उलथून टाकल्या. त्या शिक्षकाचे नाव जोझेफ जाकोतो. ते फ्रेंच होते. आपल्या देशाशी वा धम्माशी त्यांचा काही संबंध आला नव्हता. तरीही शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र द्यावेसे वाटले, याचे कारण एवढेच की, जन्माने कोणाची बुद्धी उणी नसते हा सिद्धान्त त्यांनी केवळ मांडला नाही. परक्या भाषेच्या वर्गात तो पारखून घेतला.

जाकोतो यांचा जन्म 4 मार्च 1770 रोजी फ्रान्समधील दिजों या नगरात झाला. वडिलांचा व्यवसाय खाटकाचा. त्या काळच्या फ्रान्समध्ये विद्या आणि अधिकार ही उच्चकुलीनांची व धर्मपीठाची मिरास होती. अशा समाजात कष्टकरी घरातील हा मुलगा बुद्धीच्या बळावर वर आला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दिजोंमध्ये अध्यापक झाला. त्याच वर्षी, 1789 मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीला प्रारंभ झाला. समता हा शब्द आता ग्रंथांतून रस्त्यावर उतरला होता. 1792 मध्ये प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी जाकोतो तोफखान्यात दाखल झाले आणि सहकाऱ्यांनी त्यांना आपला कप्तान म्हणून निवडले. पुढे त्यांनी युद्धमंत्र्यांचे सचिव म्हणून काम केले आणि पॅरिसच्या विख्यात एकोल पॉलितेक्निक या संस्थेत संचालकांच्या साहाय्यकाचे पद सांभाळले. नंतर ते दिजोंला परतले. तेथे त्यांनी प्राचीन भाषा, गणित आणि कायदा असे परस्परांपासून दूरचे विषय शिकवले.

1815 मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून परतला, तेव्हाच्या अल्पकालीन प्रतिनिधिगृहावर दिजोंच्या नागरिकांनी जाकोतो यांना निवडून दिले. परंतु वॉटर्लूच्या पराभवानंतर बूर्बों राजघराणे पुन्हा सत्तेवर आले आणि क्रांतीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसांना देशात थारा उरला नाही. पंचेचाळीस वर्षांचे जाकोतो परागंदा झाले आणि शेजारच्या नेदरलँड्सच्या राज्यात आले. आजचा बेल्जियम तेव्हा याच राज्याचा भाग होता. तेथील राजाच्या कृपेने 1818 मध्ये त्यांना लूव्हाँ विद्यापीठात फ्रेंच साहित्याचे अध्यापक म्हणून जागा मिळाली. वेतन अर्धे होते. निर्वासिताचे उरलेले दिवस शांतपणे घालवावेत, याहून मोठी आकांक्षा त्या वेळी त्यांच्यापाशी नसावी.

अडचण पहिल्याच दिवसांत उभी राहिली. त्यांच्याकडे येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांची भाषा फ्लेमिश, म्हणजे त्या प्रदेशातील डच. त्यांना फ्रेंच येत नव्हते. जाकोतो यांना फ्लेमिशचा एक शब्दही येत नव्हता. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये समान भाषाच नाही, तेव्हा समजावून सांगणार कसे? नाइलाज म्हणून त्यांनी दोघांना जोडणारी एखादी वस्तू शोधली. त्याच सुमारास ब्रुसेल्समध्ये फेनलों यांच्या ‘तेलेमाक’ या ग्रंथाची द्विभाषिक आवृत्ती निघाली होती; एका बाजूला मूळ फ्रेंच, दुसऱ्या बाजूला डच भाषांतर. युलिसिसचा पुत्र तेलेमाक पित्याच्या शोधार्थ निघतो, अशी ही कथा. फेनलों यांनी ती फ्रान्सच्या राजाच्या नातवाला राजधर्म शिकवावा म्हणून रचली होती आणि 1699 मध्ये ती प्रकाशित झाली होती. राजपुत्रासाठी लिहिलेला तो ग्रंथ आता सामान्य घरांतील विद्यार्थ्यांच्या हाती पडणार होता.

जाकोतो यांनी दुभाष्यामार्फत विद्यार्थ्यांना सांगितले की, भाषांतराच्या आधाराने मूळ फ्रेंच मजकूर आपला आपण शिकून या. पहिल्या भागाच्या निम्म्यापर्यंत पोहोचल्यावर त्यांनी दुसरी सूचना केली. आतापर्यंतचे पुन्हा पुन्हा म्हणत राहा, ते विसरू नका. पुढचा ग्रंथ मात्र कथा सांगता येईल इतपत वाचून काढा. व्याकरणाचा एकही नियम त्यांनी सांगितला नाही. क्रियापदे कशी चालवायची, शब्दांची रूपे कशी होतात, शब्द कसे लिहायचे, यांतले काहीही शिकवले नाही. काही काळाने त्यांनी विद्यार्थ्यांना वाचलेल्या भागाविषयी आपले विचार फ्रेंचमध्ये लिहून आणण्यास सांगितले. चुकांनी भरलेले, वाचवणार नाही असे लेखन हाती येईल, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात जे आले, ते पाहून ते थक्क झाले. एखाद्या फ्रेंच विद्यार्थ्याने लिहावे तसे ते लेखन होते.

असे कसे घडले, याचा विचार जाकोतो पुढे आयुष्यभर करीत राहिले. विद्यार्थ्यांनी काय केले होते? ग्रंथाच्या आरंभी कॅलिप्सो या देवतेचे दुःख वर्णिले आहे. विद्यार्थ्याने डच बाजूला तिचे नाव पाहिले, फ्रेंच बाजूला पाहिले, आणि दोन्ही मजकुरांत त्याला पाय ठेवण्यापुरती जागा सापडली. मग पुढचा शब्द, त्याच्या पुढचा शब्द. एकच शब्द चार ठिकाणी वेगवेगळ्या शेवटांनी आला, तर त्याने त्या चारही ठिकाणांची तुलना केली आणि भेदाचे कारण शोधले. पाठ असलेल्या वाक्यांचे तुकडे जोडून त्याने नवे वाक्य घडवले. ते चुकले, तेव्हा ग्रंथाकडे परत जाऊन त्याने ते दुरुस्त केले. निरीक्षण, स्मरण, तुलना, अनुकरण आणि दुरुस्ती एवढेच त्याचे साहित्य होते. आणि हे तर प्रत्येक मूल मातृभाषा शिकताना करीतच असते. आईच्या मांडीवरच्या बाळाला कोणी विभक्तिप्रत्यय समजावून सांगत नाही. ऐकणे, लक्षात ठेवणे, म्हणून पाहणे, चुकणे आणि पुन्हा म्हणणे या मार्गाने ते जगातील सर्वांत अवघड विद्या हस्तगत करते. तेच मूल शाळेत गेले की मात्र आपण असे धरून चालतो की, त्याला समजावून सांगितल्यावाचून काही कळणार नाही.

जाकोतो यांचे खरे चिंतन येथून सुरू झाले. त्यांच्या मते समजावून सांगण्यात एक अदृश्य हानी दडलेली असते. शिक्षक जेव्हा प्रत्येक गोष्ट उलगडून पुढे ठेवतो, तेव्हा विद्यार्थी विषयाबरोबर आणखी एक धडा शिकतो; तो असा की, माझ्या एकट्याच्या बुद्धीने हे मला कळले नसते. हा दुसरा धडा पहिल्याहून अधिक खोल रुजतो. त्यातून जगाचे दोन भाग पडतात. समजलेले आणि न समजलेले, सांगणारे आणि ऐकणारे, वरच्या बुद्धीचे आणि खालच्या बुद्धीचे. समाजातील उच्चनीचतेला शाळाच अशा रीतीने रोजचे खतपाणी घालते. म्हणून जाकोतो यांनी उलट गृहीत धरून आरंभ केला. सर्व माणसांची बुद्धी समान आहे, असे मानून चला आणि त्यातून काय निष्पन्न होते ते पाहा, असा त्यांचा आग्रह होता. माणसामाणसांत जो फरक दिसतो, तो बुद्धीचा नसून इच्छेचा आणि लक्ष देण्याचा आहे, असे ते मानीत.

मग शिक्षकाला काय काम उरते? जाकोतो यांच्या पद्धतीत शिक्षक मुळीच रिकामा नव्हता. उलट तो अत्यंत कडक होता. योग्य ग्रंथ निवडून तो विद्यार्थ्याच्या हाती देणे, त्याला टाळाटाळ करू न देणे, आणि त्याने खरोखर शोध घेतला आहे की नाही हे पडताळणे, ही तीन कामे शिक्षकाची. विद्यार्थ्याने काही विधान केले की शिक्षक त्याला विचारी की, हे तुला पानावर कोठे दिसले, त्यावरून तुला काय वाटते, आणि त्याचे तू पुढे काय करशील? उत्तर पुस्तकात बोट ठेवून दाखवावे लागे. या परीक्षेसाठी शिक्षकाला तो विषय येणे आवश्यक नाही, हे जाकोतो यांच्या ध्यानात आले. समोरच्याने लक्ष देऊन पाहिले आहे की नुसतेच काहीतरी ठोकून दिले आहे, एवढे ओळखता आले म्हणजे पुरे. या विचाराचा पडताळा घेण्यासाठी त्यांनी स्वतःला न येणारे विषय शिकवण्यास घेतले. त्यांत चित्रकला होती आणि पियानोवादनही होते. लूव्हाँमध्ये इतर अध्यापकांची व्याख्याने सोडून विद्यार्थी संध्याकाळी त्यांच्याकडे येऊ लागले. दोन मेणबत्त्यांच्या उजेडातील ती लहानशी खोली अपुरी पडू लागली. शिकवण्यासारखे माझ्यापाशी काही नाही, हेच मला तुम्हांला शिकवायचे आहे, अशा आशयाचे त्यांचे बोलणे ऐकायला ती गर्दी जमत असे.

1823 मध्ये त्यांनी आपली पद्धत सार्वत्रिक शिक्षण या नावाने ग्रंथरूपाने मांडली. पहिला ग्रंथ मातृभाषेविषयी होता. पुढे परकीय भाषेविषयीही त्यांनी लिहिले. काहीतरी एक नीट शिका आणि बाकी सारे त्याच्याशी ताडून पाहा, हे त्या पद्धतीचे सार होते. तिची कीर्ती युरोपभर पसरली. इंग्लंडमध्ये जोझेफ पेन या तरुण शिक्षकाने 1830 मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली. हेच पेन पुढे त्या देशातील शिक्षणशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. नेदरलँड्सच्या सरकारने लष्करी शिक्षक तयार करण्याची एक संस्था जाकोतो यांच्या हाती दिली. परंतु त्यांच्या पदरी यशाबरोबर निराशाही आली. लोकांना त्यांच्यापासून हवी होती ती लवकर शिकवण्याची युक्ती. बुद्धीच्या समतेचा विचार त्यांना नको होता. समता वगळली की जे उरते ते घोकंपट्टीचे आणखी एक तंत्र, हे जाकोतो वारंवार बजावीत राहिले. ज्या बापाला स्वतःला अक्षरओळख नाही, त्यानेही आपल्या मुलाला शिकवावे, कारण मूल लक्ष देत आहे की नाही हे पाहायला अक्षरओळख लागत नाही, हा त्यांचा संदेश विद्वानांना हास्यास्पद वाटला. त्यांची विधाने कधी कधी अतिरेकी होती आणि त्यामुळे थट्टा करणाऱ्यांचे फावले, हेही खरे.

1830 च्या जुलै क्रांतीनंतर त्यांना मायदेशाचे दार उघडले. पंधरा वर्षांचा वनवास संपवून ते फ्रान्सला परतले आणि 1840 मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. पेर लाशेज दफनभूमीत त्यांच्या समाधीवर शिष्यांनी एक लेख कोरला. मानवी आत्मा गुरूवाचून स्वतःच स्वतःला शिकवण्यास समर्थ आहे, असा त्याचा आशय. थोड्याच महिन्यांत कोणीतरी त्या लेखाची विटंबना केली. एका शिक्षकाच्या थडग्यावरील ओळीचाही कोणाला इतका राग यावा, यावरून तिची धार कळते. पुढे जाकोतो विस्मृतीत गेले. 1987 मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ जाक रांसिएर यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला आणि जगाला त्यांची पुन्हा ओळख झाली.

आज शिक्षणक्षेत्रात फ्लिप्ड क्लासरूम, म्हणजे उलटा वर्ग, या पद्धतीचा बराच बोलबाला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क येथील जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी 2007 पासून आपले पाठ चित्रफितींवर मुद्रित करण्यास आरंभ केला. विद्यार्थी पाठ घरी पाहत आणि वर्गातील वेळ प्रश्न, सराव व चर्चा यांसाठी मोकळा राही. परकीय भाषांच्या वर्गांनीही ही रीत उचलली, आणि ते स्वाभाविक होते. भाषा बोलल्याने येते. वर्गाचा वेळ नियम सांगण्यात संपला तर बोलणार केव्हा? विद्यार्थ्याने घरी मजकुराशी झुंज द्यायची आणि वर्गात येऊन ती पडताळून घ्यायची, हा क्रम जाकोतो यांनी लूव्हाँमध्ये आधीच अवलंबिला होता. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. चित्रफितीच्या पद्धतीत समजावून सांगणे वर्गातून उठून घरी जाते. जाकोतो यांच्या पद्धतीत ते नाहीसेच होते आणि त्याच्या जागी विद्यार्थ्याचा स्वतःचा शोध येतो. व्याख्यान ऐकण्याची जागा बदलली, पण स्वतःच्या बुद्धीवरचा अविश्वास तसाच राहिला, तर वर्ग उलटूनही फारसे काही उलटले नाही.

आपल्यासारख्यांना हा भेद विशेष जाणवावा. शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना संस्कृत शिकण्याची वाट बंद होती आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने संस्कृत आत्मसात केले, आणि उत्तरायुष्यात पाली भाषेचा शब्दकोश व व्याकरण यांवरही काम केले. समजावून सांगणाराच नाही म्हणून ते थांबले नाहीत. तथागतांनीही अखेरच्या काळात भिक्खूंना दुसऱ्याच्या आश्रयावर न राहता स्वतःच आपला दीप होण्याचा उपदेश केला. जाकोतो यांनी बौद्ध विचार वाचला होता असे येथे मुळीच सुचवायचे नाही. वेगवेगळ्या भूमीत, वेगवेगळ्या काळी माणसांना तेच सत्य गवसले, एवढेच.

ही पद्धत निवासी शाळेला परकी वाटण्याचे कारण नाही. मुले रोज म्हणतात ती वंदना पालीत असते आणि पुस्तिकेत तिच्याखाली मराठी अर्थ छापलेला असतो. ‘तेलेमाक’ची द्विभाषिक आवृत्ती याहून वेगळी ती काय होती? पंचशीलाच्या प्रत्येक शिकवणीत वेरमणी हा शब्द येतो. मराठी अर्थात प्रत्येक ठिकाणी कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ते शोधून आण, असे मुलाला सांगावे. अलिप्त राहणे हा अर्थ त्याला स्वतःला सापडेल. त्रिशरणात बुद्धं, धम्मं, संघं या तिन्ही शब्दांचा शेवट सारखा का, हे त्याला विचारावे. व्याकरणाचा पहिला नियम तो स्वतःच मांडील आणि तो विसरणार नाही. इंग्रजीच्या धड्यालाही हेच लागू आहे. मराठी भाषांतर शेजारी असलेली एखादी छोटी कथा संध्याकाळच्या अभ्यासिकेत मुलांच्या हाती द्यावी, आणि दुसऱ्या दिवशीचा तास सांगण्यासाठी न वापरता विचारण्यासाठी वापरावा.

यात काळजीही घ्यावी लागेल. लूव्हाँचे विद्यार्थी स्वतःच्या भाषेत उत्तम वाचू-लिहू शकत होते, त्यांच्या हाती चांगला ग्रंथ होता आणि शिकण्याची इच्छा घेऊन ते आपणहून आले होते. ज्या मुलाला मराठीच नीट वाचता येत नाही, त्याच्यापुढे इंग्रजी पुस्तक टाकून देणे ही त्याच्या बुद्धीवरची श्रद्धा नव्हे. ती हेळसांड आहे. उच्चार पुस्तकातून येत नाहीत, ते कानांवर पडावे लागतात. आणि पडताळणारा शिक्षक नसेल तर मुलाचा शोध अर्ध्यावर सुटतो. जाकोतो यांनी समजावून सांगणे सोडले होते. विद्यार्थ्याला मात्र त्यांनी कधीच सोडले नाही.

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी. आपल्यापैकी अनेक आईवडील मुलांना भेटायला येतात तेव्हा संकोचाने म्हणतात की, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही त्याला काय शिकवणार? दिजोंच्या त्या खाटकाच्या मुलाने आपले आयुष्य या संकोचाविरुद्ध वेचले. सुटीत घरी आलेल्या मुलाजवळ बसावे, पुस्तक उघडायला लावावे, आणि आज काय वाचलेस, ते कुठे लिहिले आहे, मला दाखव, असे विचारावे. तो बोट ठेवून दाखवील तेव्हा ती अक्षरे आपल्याला वाचता आली नाहीत तरी चालेल. त्याचे लक्ष तिथे आहे की नाही, हे आईवडिलांच्या नजरेला कळतेच. तेवढा वेळ ते घर त्याची शाळा असेल आणि समोर बसलेले आईवडील त्याचे शिक्षक.